घरोघरीच्या चुली

भाऊबीजेला दादाकडे ओवाळणं झालं, पानं मांडली गेली आणि पहिला वरण-भात संपायच्या आत दादाने वीजबिलाचा विषय काढला. त्याच्याकडे महिन्याला सत्तरच्या आसपास युनिट पडतात, हे तो दर वर्षी सांगतो. त्या वर्षी समोर त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, नवऱ्यासोबत बसली होती. बालेवाडीत चौदाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मे महिन्यात ४२० युनिटचं बिल आलं होतं, हे बोलता बोलता जावयाच्या तोंडून निघून गेलं. दादाने घास खाली ठेवला. "आम्ही दोघं सत्तरात भागवतो. तुम्हीही दोघंच. मग वरचे साडेतीनशे जातात कुठे?" भाची काही बोलली नाही. वहिनीने श्रीखंडाचं पातेलं पुढे केलं. निघताना जिन्यात भाचीने माझा हात धरला. "आत्या, बाबांना वाटतं मी उधळी आहे."

ते वाक्य घरी आल्यावरही मनातून गेलं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, हे मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. आणि त्या रात्री माझ्या लक्षात आलं की दादाने मुलीला जो हिशोब विचारला, तो एखाद्या विद्यार्थ्याने वहीत मांडला असता तर मी लाल शाईने खोडला असता. दादाकडे स्वयंपाक सिलिंडरवर होतो, आंघोळीचं पाणीही गॅस गीझरवर तापतं. भाचीकडे जवळजवळ सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. म्हणजे दादाची चूल वीजबिलात दिसतच नाही, आणि भाचीची संपूर्ण दिसते. या दोन घरांची तुलना करायची तर आधी चूल आणि दिवा एका मापाने मोजायला हवेत.

ते अवघड नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत मांडली तर साधारण १८० युनिट होतात. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये साधारण १० युनिट. आमच्याकडे कोथरूडला पाइपचा गॅस आहे, दोन महिन्यांचं बिल घनमीटरमध्ये येतं, तेव्हा माझा हिशोब दहाने गुणला की झाला. दादाच्या घरचा तर त्याहून सोपा. वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवा सिलिंडर लावला त्या तारखेखाली 'गॅस लावला' असं लिहून ठेवते. आमची आईसुद्धा हेच करायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. मी वहिनीकडून वर्षभराच्या तारखा उतरवून घेतल्या. तिचा सिलिंडर सरासरी ३६ दिवस जातो. म्हणजे रोजचे पाच युनिट, महिन्याचे दीडशे. त्यात विजेचे सत्तर मिळवले की दादाचं घर २२० वर येतं.

भाचीने मला मागची सगळी बिलं फोनवर पाठवली. तिची वर्षाची सरासरी निघाली ३००. गॅसचे महिन्याला जेमतेम दोन घनमीटर, म्हणजे वीस युनिट. एकूण ३२०. सत्तर आणि चारशेवीसचं अंतर एका संध्याकाळी दोनशेवीस आणि तीनशेवीसवर आलं. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिला फोन केला.

पण मग उरलेले शंभर कुठे जातात, हेही बघायला हवं होतं. मी दोन्ही घरी मुद्दाम जाऊन राहिले.

दादा सदाशिव पेठेत अजूनही वाड्यातच राहतो. पुनर्विकासाचं बोलणं दहा वर्षं चाललंय. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, मातीच्या. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश असताना त्याच्या मधल्या खोलीत दुपारी दोनला चादर घ्यावीशी वाटते. तो गारवा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी बांधून ठेवला आहे आणि दादा तो रोज वापरतो, पण त्याचं मीटर नाही. शिवाय दादा सकाळी दहाला घर सोडतो. ग्रंथालयात पेपर, मग बागेत मित्र, मग परत ग्रंथालय. त्याच्या डोक्यावरचा पंखा दिवसातले सहा-सात तास दुसऱ्याच्या बिलावर फिरतो. आणि काटकसर तर आहेच, ती मी कमी लेखणार नाही. वहिनी डाळ-तांदूळ तासभर आधी भिजवते, पातेल्यावर झाकण ठेवल्याशिवाय काही शिजवत नाही. मध्यंतरी काही वर्षं तिच्याकडे पुण्यातल्या आरती संस्थेचा सराई कुकर होता. उसाच्या पाचटापासून केलेल्या कांडीकोळशाच्या शंभरेक ग्रॅमवर वरण, भात, भाजी एकदम व्हायची. अशा घराचा सिलिंडर ३६ दिवस जातो तो उगाच नाही.

भाचीचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. मोठी काच, पातळ भिंती. संध्याकाळी साडेपाचला ऊन थेट सोफ्यावर येतं आणि रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती कोमट असते. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहतं. उन्हाळ्यात तिचा एसी रात्री सहा तास चालतो, २५ अंशांवर, वर मंद पंखा. त्याचेच दिवसाला सहाएक युनिट होतात. दोघंही घरून काम करतात. दोन संगणक, दोन पंखे, दिवसभराचा चहा, सगळं घरातच. पूर्वी जे हिंजवडीतल्या कार्यालयाच्या बिलात जायचं ते आता तिच्या नावावर पडतं. म्हणजे बाप आपला वापर सकाळी बाहेर नेतो आणि मुलीचा वापर बाहेरून घरी आला आहे. पंखे तिने नव्या पद्धतीचे लावलेत, २८ वॉटचे. दादाकडचे जुने पंखे ७५ वॉटचे. एका पंख्यामागे ती निम्म्याहून कमी वीज वापरते, पण हे भाऊबीजेच्या पंगतीत कोणी तिला विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मला स्वतःला चकित करून गेली. माझी समजूत होती की चौदाव्या मजल्यावर पाणी चढवायलाच खूप वीज जात असेल. आकडेमोड केली. हजार लिटर पाणी पंचेचाळीस मीटर उचलायला, पंपातला अपव्यय धरून, पाव युनिट लागतं. दोन माणसांचं महिन्याचं पाणी चार युनिटच्या आत वर पोहोचतं. आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, जो आमच्याकडे कधीच मुख्य बटणावरून बंद होत नव्हता, तो दहा वॉटने महिनाभर जागा राहिला तर सात युनिट खातो. मी त्या रात्रीपासून आमचा बंद करायला लागले.

गरम पाण्याचं मात्र उलट. पंधरा लिटरचा गीझर चाळीस अंशांनी तापवायला ०.७ युनिट जातं. भाचीच्या सोसायटीत गच्चीवर सौर बंब आहेत, त्यामुळे ते तिच्याकडे वाचतं. खालच्या मजल्यांवरच्या बायका सांगतात की गरम पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं. तेही कुठल्या हिशोबात धरावं, मी अजून ठरवलेलं नाही.

हे सगळं मी दादाला दाखवलं. त्याने चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि एक प्रश्न विचारला, जो योग्य होता. "पण वीज येते कुठून?" चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळला की त्यातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो, बाकीची वाफेत, पाण्यात आणि धुरांड्यातून जाते. कोयनेचं पाणी आहे, साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत, सौर वाढतेय. तरी महाराष्ट्राच्या विजेत मोठा वाटा कोळशाचाच. म्हणजे भाचीच्या इंडक्शनवर एक युनिट खर्च होतं तेव्हा कुठेतरी दोन-तीन युनिटचा कोळसा जळलेला असू शकतो. इंडक्शनची ८०-८५ टक्के उष्णता भांड्यात जाते आणि गॅसच्या शेगडीची साठ-पासष्ट, हे खरं आहे, पण तेवढ्याने ती दरी भरत नाही. मी वहीत तिसरा रकाना आखला. त्यात भाचीचा आकडा पुन्हा बराच वर गेला. दादा हसला नाही, जिंकल्यासारखा बोललाही नाही. म्हणाला, "चंद्रपूरच्या लोकांना हे दिसत असेल. आपल्याला इथे नुसतं बटण दिसतं."

तिसरं घर माझ्या यादीत नव्हतं. आमच्याकडे पोळ्या-भांड्याला येते तिने एक दिवस वही पाहिली आणि विचारलं, "काकू, आमचं घर का नाही लिहिलं?" मला उत्तर सुचलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिच्याकडे गेले.

वारज्याच्या पुढे, टेकडीच्या उतारावर एका ओळीत सहा खोल्या. सगळ्यांचं मीटर एकच, मालकाच्या नावावर, आणि प्रत्येक खोलीला सबमीटर. तिच्याकडे एक ट्यूब, एक पंखा, टीव्ही, मिक्सर, फोनचे चार्जर. फ्रिज नाही. महिन्याला पंचावन्न युनिट. दादापेक्षाही कमी, आणि माणसं चार. मालक तिच्याकडून युनिटला १५ रुपये घेतो. विजेचे दर पायरीपायरीने चढतात; पहिले शंभर युनिट सर्वांत स्वस्त, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्याच्या वर. तिच्या नावाचं मीटर असतं तर तिचे पंचावन्नच्या पंचावन्न युनिट पहिल्या पायरीत बसले असते आणि तो दर १५ रुपयांच्या जवळपासही जात नाही. सहा खोल्यांचे युनिट एका मीटरवर जमतात, म्हणून ती बेरीज वरच्या पायऱ्यांवर जाते, शिवाय मालकाचं स्वतःचं घर. माझ्या वहीत सर्वांत कमी वीज वापरणारं घर युनिटमागे सर्वांत जास्त पैसे मोजत होतं. मीटरसाठी अर्ज करायचा तर मालकाची संमती हवी, भाडेकराराचा कागद हवा. तिच्याकडे दोन्ही नाही. मला त्या संध्याकाळी आलेला राग अजून उतरलेला नाही.

गॅसचं कनेक्शन गावी भोरकडे, सासूच्या नावावर. इथे ती पाच किलोचा छोटा सिलिंडर आणते, तो अठरा-वीस दिवस पुरतो. आणि दाराबाहेर तीन दगडांची चूल. तिच्यावर चौघांचं आंघोळीचं पाणी. नवरा सेंट्रिंगच्या कामावर आहे, तो फळ्यांचे तुकडे घेऊन येतो. राखेतून खिळे वेचून ती डब्यात साठवते, भंगारात जातात.

"लाकूड किती लागतं गं?" मी विचारलं. तिला सांगता येईना. पुढच्या आठवड्यात तिने आपणहून तीन दिवसांचं लाकूड भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घेतलं आणि मला आकडा आणून दिला. साडेसात किलो.

दिवसाला अडीच किलो. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण साडेचार युनिट उष्णता असते. मी वहीत गुणाकार केला आणि पुन्हा तपासला. महिन्याला ३३० युनिटच्या पुढे. सिलिंडरचे शंभरेक, विजेचे पंचावन्न. एकूण ४८५. बालेवाडीच्या एसी लावलेल्या मे महिन्यापेक्षाही जास्त.

आणि त्या ३३० मधून तिच्या पाण्याला किती मिळतं? उघड्या चुलीत लाकडातली दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत जाते. बाकी सगळी हवेत, आणि धूर होऊन तिच्या डोळ्यांत. तेवढंच पाणी रॉडने तापवलं तर महिन्याला पन्नासएक युनिटमध्ये भागेल. पण १५ रुपयांनी त्याचे साडेसातशेच्या वर होतात, आणि मालकाने रॉड लावायला बंदी केली आहे. "लाकूड फुकट मिळतंय ना काकू," ती म्हणाली. पहाटे पाचला उठून चूल पेटवायची, चौघांच्या आंघोळी होईपर्यंत फुंकत बसायचं, मग साडेसातला आमच्या दारात. यातलं काही कुठल्याच बिलावर छापलेलं नसतं.

मला आमचा जुना बंब आठवला. तांब्याचा, मधोमध नळीचा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. आई त्यात ढलप्या आणि गोवरीचा तुकडा टाकायची. आम्ही भावंडं त्या आठवणी फार गोडीने सांगतो, लाकडाच्या वासाच्या पाण्याच्या. आईचे डोळे सकाळी लाल असायचे, हे आमच्यापैकी कोणीच सांगत नाही.

आमच्या घराबद्दल मी अजून काही लिहिलं नाही. आम्ही तिघं होतो, मी, माझे यजमान आणि सासूबाई. वही सुरू केली तेव्हा विजेचे १४०, गॅसचे १००. दादापेक्षा जरा वर, भाचीपेक्षा खाली. त्यावर लिहिण्यासारखं काही नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सासूबाईंचा श्वास फारच कमी पडायला लागला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देणारं, पाच लिटरचं. ३५० वॉट, दिवसरात्र. म्हणजे दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे. दर काही सेकंदांनी ते मशीनही श्वास सोडल्यासारखा आवाज करायचं. पहिल्या रात्री झोप लागली नाही आणि नंतर त्या आवाजाशिवाय लागेना.

सासूबाईंनी सगळं आयुष्य खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करत काढलं. एका दुपारी मी स्वयंपाकघरातून आले तर नळी नाकातून काढून उशीपाशी ठेवलेली. "थोडा वेळ बंद कर गं. किती जाळतंय ते." मी नळी लावली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८१. पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग मला समजलं की माझी वही टीपॉयवर पडलेली असायची आणि मी यजमानांशी आकड्यांबद्दल बोलायचे ते त्यांना ऐकू जात होतं. घरात कोण किती वापरतं याची मी वर्षाची नोंद ठेवत होते आणि त्या अंथरुणावरून आपला हिशोब करत होत्या. वही मी कपाटात ठेवली. मार्चचं बिल आलं ३९० युनिटचं, तेही त्यांच्या नजरेला पडू दिलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी शंभर सांगितलं. मी त्यांच्याशी खोटं बोलल्याचे प्रसंग फार नाहीत.

दादा भेटायला आला तेव्हा बिल फ्रिजवर लोहचुंबकाखाली होतं. त्याने ते वाचलं, मला दिसलं. मी वाट पाहत राहिले. तो सासूबाईंच्या खोलीत जाऊन मशीनजवळ बसला, बराच वेळ. मग विचारलं, "वीज गेली तर?" मी म्हटलं, छोटा ऑक्सिजन सिलिंडर आणून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी रिक्षातून त्याचा इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन तो आला, सोबत वायरमन. भारनियमनाच्या काळात त्याने तो घेतला होता, जपून ठेवला होता, बॅटरी दोनदा बदलली होती. आता एप्रिलमध्ये त्याच्या घरी वीज गेली तर दोघं अंधारात बसणार होते. "जाड भिंती आहेत आमच्याकडे," तो म्हणाला, "तू ठेव."

सासूबाई मेच्या शेवटच्या आठवड्यात गेल्या. मशीन भाड्याचं होतं, तिसऱ्या दिवशी त्यांची माणसं येऊन घेऊन गेली. जूनचं बिल १३० चं आलं.

पुढच्या भाऊबीजेला दादाने वीजबिलाचा विषय काढला नाही. भाचीनेच काढला. तिने पश्चिमेच्या काचेला बाहेरून बांबूचे पडदे लावले होते आणि मे महिना ४२० वरून ३६० वर आला होता. ते ती वडिलांना सांगत होती. दादा पडद्यातली बांबूची पट्टी किती जाडीची, हे विचारत होता. आमच्याकडे पोळ्या-भांड्याला येते तिच्यासाठी मी दुसरी खोली शोधते आहे, स्वतंत्र मीटर असलेली. दोन पाहिल्या, भाडं परवडत नाही. तोवर मुलांच्या आंघोळीचं पाणी आमच्याकडून घेऊन जा, असं मी तिला सुचवलं होतं. ती नको म्हणाली आणि तिचं बरोबर होतं. धूर कमी करणारी सुधारित चूल मात्र तिने घेतली. लाकूड दिवसाला दीड किलोवर आलं आहे. आकडा तीच आणून देते.

वीजबिलाच्या कागदावर मागच्या महिन्यांचा वापर छोट्या उभ्या खांबांनी दाखवलेला असतो. आमच्या बिलावर गेले कित्येक महिने चार उंच खांब होते, फेब्रुवारी ते मे, आणि दोन्हीकडे बुटके. दर महिन्याला नवा खांब येतो आणि ते चार एकेक घर कडेला सरकतात. या महिन्याच्या बिलात फेब्रुवारीचा खांब अगदी टोकाला आला आहे. मी ते बिल फ्रिजवर लावून ठेवलं आहे.